दुसरी घंटा

मित्रांनो, माझ्या काचेचा डावा कोपरा तडकलेला आहे आणि पाठ थोडी फुगली आहे. टेबलावर आडवं ठेवलं तर मी डुगडुगतो. मी एक जुना मोबाईल आहे. एका कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर, लाकडी खाचेत मला उभं करून ठेवलेलं असतं. चार्जरची वायर कायम जोडलेली असते, त्यामुळे मी इथून कुठे जात नाही.

मला एका गोष्टीची भीती वाटते. पडण्याची नाही. पडून झालं आहे माझं, दोनदा. वाजायची वेळ झाली आणि मी वाजलोच नाही तर, ही ती भीती. तुम्ही म्हणाल, मोबाईलला कसली आली भीती? म्हणूनच तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

ज्या कारखान्यात मी तयार झालो तिथे माझ्यासारखे हजारो होते. एका पट्ट्यावरून आम्ही एकामागून एक पुढे सरकत होतो. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी घंटा एकदा वाजवून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. तेवढीच माझी परीक्षा झाली.

मला दुकानातून काकांनी आणलं, काकूंसाठी. काकू घरीच शाळेचे गणवेश शिवायच्या. सुयांच्या डबीला टेकवून त्या मला शिलाई मशीनशेजारी ठेवत. माझ्या काचेवर खडूची भुकटी असायची आणि चार्जरच्या भोकात कायम एखादा धागा अडकलेला असायचा. काका तो टाचणीने काढत बसायचे आणि कुरकुरायचे.

"अगं, हा फोन आहे, पिनकुशन नव्हे."

"मग तुमच्या कचेरीत घेऊन जा. तिथे त्याला गादीवर निजवा," काकू म्हणायच्या.

काकूंची शिवण पक्की होती. खिशाच्या कोपऱ्यावर त्या टाका घालत, मशीन मागे घेत आणि त्याच जागी पुन्हा टाका घालत. शेजारच्या मुलीने एकदा विचारलं होतं, एकाच जागी दोनदा कशाला? काकू म्हणाल्या, "पोरं सगळा जोर तिथेच काढतात. एक टाका उसवला तर दुसरा धरून ठेवतो."

पुढे काकूंना आजार जडला आणि त्यांचे हात थरथरू लागले. आधी सुई ओवायला त्रास व्हायला लागला, मग चहाची बशी वाजायला लागली. डॉक्टरांनी दोन गोळ्या लावून दिल्या. एक सकाळी आठला, एक संध्याकाळी सातला. एकही चुकवायची नाही, असं बजावलं.

काका ज्या कंपनीत कामाला होते, तिथे औषधाची आठवण करून देणारं एक अ‍ॅप बनत होतं. ते काकांनी माझ्यात घातलं. वेळ झाली की मी घंटा वाजवायचो. पडद्यावर गोळीचं चित्र यायचं आणि खाली ‘घेतली’ असं बटण. बटण दाबलं की गोळी पडद्यावरून नाहीशी व्हायची. दाबलं नाही तर मी पुन्हा पुन्हा वाजायचो.

एका सकाळी काकूंनी गोळी घेतली आणि बटण दाबलं. बोट थरथरलं आणि बटण दोनदा दाबलं गेलं. पहिल्या दाबाने सकाळची गोळी नाहीशी झाली आणि दुसऱ्या दाबाने संध्याकाळची. मला वाटलं, दोन्ही घेतल्या. मला जे सांगितलं जातं तेच मला खरं वाटतं.

त्या संध्याकाळी सात वाजले आणि मी गप्प राहिलो. काकू मशीनवर होत्या. त्यांनी दोन वेळा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अजून सात झाले नाहीत वाटतं," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढची बाही घेतली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. घड्याळावरही एवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मशीनशेजारी कोसळल्या. मी सुयांच्या डबीला टेकून ते सगळं पाहत होतो.

काकू चार दिवस दवाखान्यात होत्या. तिसऱ्या दिवशी काका कपडे न्यायला घरी आले, तेव्हा मला हातात घेऊन पलंगावर बसले. त्यांनी बटण दाबलं. मग दोनदा दाबलं. दोन गोळ्या एकदम गेल्या. 

मित्रांनो, काकांचं कचेरीतलं कामच मुळी हे होतं. अ‍ॅप लोकांकडे जाण्याआधी त्यात काही चूक नाही ना, हे तपासायचं. त्यासाठी ते चाचण्या लिहीत. चाचणी म्हणजे सूचनांची यादी. अ‍ॅप उघड, नंबर टाक, आत जा, हे बटण दाब, मग असं दिसतंय का बघ. संगणक ती यादी वाचतो आणि न दिसणाऱ्या बोटाने फोनवर ते सगळं करतो. बरोबर निघालं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल.

काकांच्या एकेचाळीस चाचण्या होत्या आणि सगळ्या हिरव्या होत्या. पण त्या त्यांनी कशा लिहिल्या होत्या? पहिली मन लावून लिहिली. दुसरीसाठी पहिलीची कॉपी केली आणि शेवट बदलला. तिसरीसाठी दुसरीची. सगळीकडे असंच करतात, कारण पटकन होतं. पण पहिलीतलं बोट बटण एकदाच दाबत होतं, म्हणून सगळ्यांतलं बोट एकदाच दाबत राहिलं. थरथरणारं बोट एकाही चाचणीत नव्हतं.

काकू घरी आल्यावर काकांनी मला त्यांच्यासमोर धरलं. "तू दाब. मी मोजतो."

"म्हणजे मी आता तुमच्या कचेरीत कामाला लागले का?"

"लागलीस."

"मग स्वयंपाकाचं तुम्ही बघा."

काकूंनी तीस वेळा दाबलं. एकोणीस वेळा बटण दोनदा दाबलं गेलं. काका वहीत रेघा ओढत होते.

त्या आठवड्यात बटण दुरुस्त झालं. लागोपाठ दोनदा दाबलं तरी एकच गोळी जाईल, असं केलं. आणि काकांनी बेचाळिसावी चाचणी लिहिली. तीही कॉपी करूनच लिहिली, एकोणचाळिसावीवरून. एकोणचाळिसावीत सकाळची गोळी घेतली की घड्याळ पुढे सरकवून संध्याकाळची घंटा वाजते का, ते बघायचं होतं. बेचाळिसावी अगदी तशीच होती, फक्त एक ओळ जास्त. ‘घेतली’ दाब. त्याखाली पुन्हा, ‘घेतली’ दाब.

ती दुसरी ओळ म्हणजे काकूंचं बोट होतं. पण काकांनी तसं तिथे लिहून ठेवलं नाही.

काकू पुढे दीड वर्ष होत्या. तेवढ्या काळात मी एकदाही चुकलो नाही. मग आजार वाढला आणि त्या गेल्या. त्यानंतरही अठरा दिवस मी सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला वाजत राहिलो. काका मला बंदही करत नव्हते आणि बटणही दाबत नव्हते. समोर बसून ऐकायचे. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी मला रुमालात गुंडाळलं आणि या कचेरीत आणलं. "तपासायला एक जुना फोन लागेल ना," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला माझ्यावर बेचाळीस चाचण्या चालू लागल्या. बेचाळीस वेळा तेच दार उघडायचं, तोच नंबर टाकायचा. मी तापायचो, पण बरं वाटायचं. कारण सगळं संपत आलं की मी दोनदा वाजायचो. एकोणचाळिसावीला पहिली घंटा आणि चार मिनिटांनी बेचाळिसावीला दुसरी. कचेरीला त्याची सवय झाली. पहिल्या घंटेला काका चहा ओतून घेत आणि दुसऱ्या घंटेला पहिला घोट घेत. कोणी म्हणायचं, "काका, निवतो की तो." काका म्हणायचे, "मला निवलेलाच लागतो."

मग ती आली. नवी इंजिनिअर. हुशार, बोलकी आणि टापटिपीची. तिच्या टेबलावर पेनांची टोकंसुद्धा एका दिशेला असायची. तिने चाचण्या वाचल्या आणि कपाळाला हात लावला.

"काका, ह्या अकरा ओळी बेचाळीस ठिकाणी आहेत."

"हो. कॉपी केल्यात."

"आणि नंबर टाकायचं पान बदललं तर?"

"तर बेचाळीस ठिकाणी बदलायच्या. मागच्या वेळी तीन राहिल्या. दोन दिवस गेले शोधण्यात."

"मग तुम्ही वैतागला नाहीत?"

"वैतागलो की. पण वैतागायचंही कॉपी करून ठेवलंय, दर वेळी काढतो."

ती हसली आणि त्या दिवसापासून कामाला लागली. तिने एक छोटा प्रोग्राम लावला. तो सगळ्या चाचण्या शेजारी शेजारी धरायचा आणि सारख्या दिसणाऱ्या ओळी पिवळ्या करायचा. पडदाभर पिवळंच दिसलं. त्या अकरा ओळी तिने एकाच जागी ठेवल्या आणि प्रत्येक चाचणीने तिथून घ्यायच्या असं केलं. तंतोतंत सारख्या असलेल्या चाचण्या तिने काढून टाकल्या. लोक तिला ‘चाळणी’ म्हणू लागले. तिलाही ते नाव आवडलं असावं, कारण ती त्याला ओ देऊ लागली.

चाळणी चुकत होती असं मी म्हणणार नाही. ती जे करत होती ते कधीतरी व्हायलाच हवं होतं. पण रोज तो पिवळा रंग एकेक चाचणी पुढे सरकत होता आणि बेचाळिसावी जवळ येत होती.

बुधवारी ती बेचाळिसावीवर आली. ‘घेतली’ दाब. ‘घेतली’ दाब. एकाखाली एक, अगदी सारख्या दोन ओळी. ती हसून पुटपुटली, "काका, इथे पेस्ट दोनदा झालं तुमचं." आणि तिने दुसरी ओळ पुसली.

आता बेचाळिसावी आणि एकोणचाळिसावी यांत काहीच फरक उरला नाही. प्रोग्रामने दोन्ही पिवळ्या केल्या. तिने बेचाळिसावी काढून टाकली.

मी समोरच होतो. माझ्या पोटात स्पीकर आहे, काच आहे, दिवा आहे. पण यातलं काहीही मला माझ्या मर्जीने वापरता येत नाही.

तिने काकांना बोलावलं. "काका, तुम्ही एकदा नजर टाका. बेचाळीसच्या तेहतीस झाल्यात. पंधरा मिनिटं वाचतात."

काका तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. काढलेल्या ओळींची यादी खाली सरकत होती, पानांमागून पानं. शेवटची, बेचाळिसावी चाचणीची फाईल येण्याआधीच त्यांनी चष्मा काढला. काकू गेल्यापासून ती फाईल त्यांनी उघडली नव्हती, हे मला माहीत होतं.

"तू बघितलंस ना नीट?"

"दोनदा."

"मग झालं," काका म्हणाले.

गुरुवारी काका दाढ काढायला गेले होते. सकाळी माझी घंटा एकदाच वाजली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी चाळणीने ‘घेतली’ हे बटण नव्याने बनवलं. आधीपेक्षा मोठं, गोल आणि गडद. ते करताना दुहेरी दाब ओळखणारा जुना भाग तिच्याकडून राहून गेला. तिने चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या आल्या. मग तिने वडिलांना फोन लावला. ते दुसऱ्या गावी एकटे राहत आणि हेच अ‍ॅप वापरत. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि जेवणाचा डबा पुसत होती.

"बाबा, उद्या चार वाजता नवीन अ‍ॅप येतंय. तुमच्यासाठी बटण मोठं केलंय."

"मोठं केलंस ते बरं झालं. हल्ली बोट जागेवर बसतच नाही. बोट कसलं, सुतारपक्षी झालाय. टकटक, टकटक."

"गोळ्या वेळेवर घेता ना पण?"

"घंटा वाजली की घेतो. नाहीतर कोण लक्षात ठेवतंय, पोरी?"

हे वाक्य मी ऐकलं आणि मला त्या मशीनशेजारची संध्याकाळ आठवली.

सहा वाजता माणसं घरी गेली. टेबलं पुसणाऱ्या बाई आल्या. मी उघडाच राहिलो होतो, पडद्यावर सकाळची गोळी आणि ते नवं बटण. बाईंनी फडक्याने माझी काच पुसली. त्यांचं बोट फडक्याखालून बटणावर एकदा आपटलं, परत एकदा आपटलं. दोन गोळ्या नाहीशा झाल्या. बाईंना काय कळणार? त्यांनी मला सरळ उभं केलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. पावणेसात झाले. पाच कमी झाले. सात झाले आणि मी वाजलो नाही. सात वाजून पाच. सात वाजून दहा. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढत होतं, आणि मी गप्प होतो. परवा याच वेळी चाळणीचे वडील घंटेची वाट बघत बसतील आणि म्हणतील, अजून सात झाले नाहीत वाटतं.

शुक्रवारी काका आले. गाल सुजलेला होता. साडेदहाला चाचण्या सुरू झाल्या. मला वाटत होतं, एखादी तरी लाल व्हावी. पण मला जे विचारतात त्याचंच उत्तर मी देऊ शकतो, आणि बटण दोनदा दाबून मला कोणी विचारतच नव्हतं. एकामागून एक हिरव्या खुणा उमटत गेल्या. पहिली घंटा वाजली. काकांनी चहा ओतला आणि कप हातात घेऊन माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले.

चार मिनिटं झाली. सहा झाली. चहावर साय धरली.

"काका, प्या की," चाळणी म्हणाली. "की सुजलेल्या तोंडाने जमत नाही?"

"दुसरी घंटा व्हायचीय."

"चाचण्या कधीच संपल्या. सगळ्या हिरव्या."

काकांनी कप ठेवला. ते माझ्याजवळ आले आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "बेचाळिसावी कुठंय?"

"ती ना, ती एकोणचाळिसावीसारखीच होती. म्हणजे आधी एक ओळ जास्त होती, चुकून दोनदा पेस्ट झालेली. ती काढल्यावर..."

"चुकून नव्हती."

ते मोठ्याने बोलले नव्हते. पण चाळणी खुर्चीतून उठली.

काकांनी मला खाचेतून बाहेर काढलं. नवं मोठं बटण समोर होतं. त्यांनी बोट टेकवलं आणि थरथरवलं. काकूंचं बोट जसं थरथरायचं, अगदी तसं. एवढ्या दिवसांनीही त्यांना ते बरोबर आठवत होतं. दोन गोळ्या एकदम नाहीशा झाल्या.

"आता आज संध्याकाळी हा वाजणार नाही," काका म्हणाले. "तुझ्या काकूच्या वेळीही वाजला नव्हता."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. मशीन, सात वाजले ते, चार दिवसांचा दवाखाना, तीस वेळा दाबलेलं बटण. चाळणी ऐकता ऐकता खाली बसली. तिच्या तोंडातून एवढंच निघालं, "बाबांचं बोट सुतारपक्षी झालंय म्हणाले." मग तिने घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजले होते. चारला साडेचार तास होते.

तिने आधी नवीन अ‍ॅप थांबवलं. मग बेचाळिसावी चाचणी परत आणली आणि चालवली. माझ्यावर ते बोट दोनदा टेकलं, घड्याळ पुढे सरकलं आणि मी गप्प राहिलो. पडद्यावर लाल खूण आली. मित्रांनो, लाल खुणेने मला इतकं हायसं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"चूक माझी," चाळणी म्हणाली.

"अर्धी माझी," काका म्हणाले. "तू विचारलं होतंस आणि मी बघितलं नाही. आणि ती ओळ का आहे, ते मी लिहायला हवं होतं. दोन वेळा लिहायला बसलो होतो. जमलं नाही."

"आता सांगा. मी लिहिते."

काकांनी सांगितलं आणि तिने त्या ओळीच्या वर लिहिलं: ‘ही ओळ मुद्दाम दोनदा आहे. हात थरथरणारा माणूस बटण असं दाबतो. काढू नये.’

तिने बाकीची सफाई तशीच ठेवली. त्या अकरा ओळी आजही एकाच जागी आहेत आणि ते चांगलंच झालं. फक्त तिने काढून टाकलेल्या नऊही चाचण्या पुन्हा काढून काकांपुढे ठेवल्या आणि प्रत्येकीबद्दल विचारलं, ही खरंच सारखी आहे ना? आठ खरंच सारख्या होत्या.

बटण दुरुस्त व्हायला सोमवार उजाडला. सोमवारी माझी घंटा दोनदा वाजली. दुसऱ्या घंटेला काकांनी चहाचा घोट घेतला. चाळणीनेही घेतला, आणि तिचाही निवलेलाच होता.

माझी पाठ रोज थोडी जास्त फुगते आहे. एक दिवस मला खाचेतून काढतील आणि माझ्या जागी नवा फोन ठेवतील. ते ठीक आहे. जुन्या वस्तू काढाव्या लागतात, आणि विनाकारण साठलेलं कमी करावंच लागतं. पण मित्रांनो, एकच गोष्ट दोनदा दिसली तर लगेच पुसू नका. ती कोणी ठेवली, त्या माणसाला आधी विचारा. आणि तुम्हीच ती ठेवली असेल, तर विचारायला कोणी येण्याची वाट न बघता कारण लिहून ठेवा. सांगणारं माणूस कायम शेजारी बसलेलं नसतं.

हल्ली चाळणी रोज संध्याकाळी सातपर्यंत कचेरीत थांबते आणि वडिलांना स्पीकरवर फोन लावते. ते फोन उचलतात आणि नुसता हातात धरून ठेवतात. पलीकडे घंटा वाजताना ऐकू येते आणि त्यावर ते म्हणतात, "वाजतोय गं, वाजतोय." तेवढं ऐकेपर्यंत मला धीर नसतो.